सूत कातत होतो, सुतकात नव्हतो

मोताळा, शुक्रवार

आदरणीय व्याही गोपालराव यांस,

वामनरावाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात मोकळे आहेत. टकळी खाली ठेवूनच लिहायला बसलो आहे.) आपली तब्येत कशी आहे? परवा इथून निघताना आपला चेहरा लालबुंद झाला होता, तेव्हा रक्तदाबाची गोळी घेत असालच. दुसरबीडकडे सोयाबीन कसं आहे? इकडे सगळे खुशाल आहेत. सगळे म्हणजे अगदी सगळे. कोणीही गेलेलं नाही, हे मुद्दाम लिहितो.

आपण फोन उचलत नाही म्हणून हे पत्र. शिवाय फोनवर माझा भरवसा उरलेला नाही. कागदावर 'सूत' लिहून थोडी जागा सोडता येते आणि मग 'कातत' लिहिता येतं. फोनवर ती जागा पडली नाही आणि माझ्या मयुरीची सोयरीक मोडायला आली.

तर मुळापासून सांगतो. आमच्या शेजारच्या बेबीताई अंगणवाडीतून निवृत्त झाल्या आणि त्यांनी रविवारी दुपारी विहाराच्या ओट्यावर सूत कातायची बैठक सुरू केली. फकीर मोहम्मद गादीवाले कापूस पिंजून त्याचे पेळू देतात (पेळू म्हणजे बोटाएवढी जाड, मऊ वात), त्यांची सून अमीना शिकवते, बाकी ज्याला यायचं त्यानं यावं, टकळी घ्यावी आणि बसावं. विकायचं नाही, मिरवायचं नाही, मजेनं कातायचं. मी पहिल्या रविवारी चेष्टा करायलाच गेलो होतो. म्हटलं, आपला जन्म सरकी काढायच्या जिनिंगमध्ये गेला, आपल्याला कापसाचं कोण काय सांगणार!

गोपालराव, मी थक्क झालो. कापसाचे ढीग मी डोंगराएवढे पाहिले, बोटांत तंतू ओढून भाव सांगितले, पण सूत होताना जन्मात पाहिलं नव्हतं. आपल्या भागातून कापूस जातो तो जातोच, आणि परत येतो तो एकदम सदरा होऊन. मधे काय घडतं ते आपल्याला कोणी दाखवलंच नाही. अमीनानं पेळूचं टोक टकळीच्या आकड्यात अडकवलं, चिमटीनं गिरकी दिली आणि हात हळूहळू वर नेला. पेळूत धागा नसतो हो! मी एक उसवून पाहिला (बेबीताई रागावल्या), आत नुसता भुसभुशीत कापूस. पण हात वर जातो तसा धागा येत राहतो. कुठून येतो ते बघणाऱ्याला कळत नाही, आणि अमीनाला विचारलं तर तीही हसून म्हणाली, 'मले बी नाही समजत, काका.' माझ्या अंगावर काटा आला. आणि ओट्यावर एरवी नळाच्या पाण्यावरून एकमेकांची उणीदुणी काढणारी माणसं, एकाच्या हातातला धागा लांबला की सगळी श्वास रोखून बघत होती.

माझं सूत मात्र सूत नव्हतं, शेवया होत्या. कुठे सुतळी, कुठे कोळ्याचं जाळं, आणि वीतभर झालं की तुटलंच. बेबीताई म्हणाल्या, 'भाऊ, काऊन वढून राह्यले त्याले? बैल आहे का थो? त्याले येऊ द्या.' आयुष्यात पहिल्यांदा मी कशाला तरी आपणहून येऊ दिलं. आणि आलं! घरची मंडळी म्हणतात, माझ्या तोंडाची टकळी बंद करायला देवानं हातात टकळी दिली. म्हणोत बापडे.

मागच्या रविवारी माझा धागा पहिल्यांदाच छातीपर्यंत लांबला, आणि नेमका तेव्हा साखरपुड्याचं बोलायला आपला फोन आला. फोन खांद्यात धरला. मोठ्यानं बोललो तर धागा तुटेल, म्हणून अगदी हळू म्हणालो, 'सूत कातत बसलोय.' आपण ऐकलंत, 'सुतकात बसलोय.' आपण विचारलंत, 'अरे देवा, कोण?' मला वाटलं, सोबत कोण आहे असं विचारताय. म्हणालो, 'बेबीताई होत्या, त्या आत्ताच गेल्या.' (फकीर मोहम्मदांकडे, पेळू आणायला.) 'एकाएकी?' 'एकाएकीच. कापूस कमी पडला ना.' तेवढ्यात धागा तुटला, मी 'अरेरे!' म्हणालो आणि फोन खाली पडला. आता आपणच सांगा, यात मी खोटं काय बोललो? सुतावरून स्वर्ग गाठतात असं ऐकलं होतं. आपण सुतावरून शेजारच्या बेबीताईंना आमच्या नात्यातल्या करून स्वर्गात पोचवलंत.

पण आपण नात्याला जागलात. साखरपुडा पुढे ढकललात आणि परवा गाडीभर माणसं व दुखवट्याची भाजी-भाकरी घेऊन दारात आलात. विहीणबाई कोकिळाबाई उतरल्या त्या रडतच, आणि समोर जी बाई दिसली तिच्या गळ्यात पडल्या. 'बेबीताई गेल्या हो!' ती बाई म्हणाली, 'मी कुठी गेली? मी तं इथंच आहे.' आणि मी हसलो. हसायला नको होतं. 'जित्या माणसाचं सुतक पाळणाऱ्या घरची पोरगी आमाला नको,' म्हणून आपण गाडीत बसलात. बेबीताईंनी स्वतःच्याच दुखवट्याला आलेल्यांसाठी चहा टाकला होता, तोही घेतला नाहीत. विहीणबाई तेवढ्या म्हणाल्या, 'तुमी व्हा पुढं, मी येते,' कारण त्यांना गप्प करायला बेबीताईंनी त्यांच्या हाती टकळी दिली होती. डोळ्यांतलं पाणी अजून गालावर होतं आणि धागा निघाला! रडता रडता त्या अशा चकित झाल्या की पुढचा हुंदका द्यायचाच विसरल्या. गाडी थोडा वेळ थांबवली असती तर आपणही ते पाहिलं असतं, आणि मग रागावणं आपल्याला जमलं नसतं.

परवापासून मयुरी जेवलेली नाही. अंगणात बसून कातते आणि उठून जाते. तिला आपला मुलगा मनापासून आवडला आहे, आणि मला तिच्याकडे बघवत नाही. राग माझ्यावर काढा, हवं तर चारचौघांत काढा, पण त्या दोघांची सोयरीक मोडू नका. साखरपुडा आता आणखी एक दिवसही पुढे ढकलू नका, एवढंच पदर पसरून मागतो. (पदर नाही, उपरणं आहे.)

आपला, निदान माझ्या बाजूनं अजून व्याही,
वामनराव

ता. क. विहीणबाई परवापासून इथेच कातत बसल्या आहेत, त्यांना हे पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, 'एवढं कशाला लिवत बसलात? सोयरीक मोडली म्हनून मी म्हनले का कुठं?' आणि मयुरीला जवळ बसवून घेतलं. पोरगी दोन दिवसांनी जेवली. तेव्हा वरची सगळी विनंती रद्द समजावी आणि याला आमंत्रण समजावं.

ता. क. दुसरा. साखरपुड्याला दोघांना घरच्या सुताचे हार घालायचं ठरलं आहे. मयुरीचा हार झाला. जावईबापूंच्या हाराचं सूत विहीणबाई स्वतःच कातणार म्हणतात, कोणाला हात लावू देत नाहीत, आणि त्यांचं सूत अजून फार तुटतं. म्हणून कृपा करून साखरपुडा थोडा पुढे ढकलावा. पाहुण्यांना कारण मात्र फोनवर आपणच सांगावं. मी सांगितलं तर पुन्हा गाड्या भरून माणसं रडत यायची.