डोंगरावरच्या वरणातली हळद

आबा, ती हळद मी वरणात चुकून टाकली नव्हती. मुद्दाम टाकल्ती. आज पुन्हा तो डोंगर, ती चूल अन् ती वाटी समोर आली, तर पुन्हा टाकीन.

एवढं आधीच सांगून टाकते, कारण परवा जुन्या जालन्यात माझ्या भावाच्या नातीचं लगीन होतं. हळदीच्या दिवशी तुमचा नातू, आता त्याचंही डोकं पांढरं झालंय, सगळ्या बायकांच्या पुढं माझ्याकडं बोट करून सांगत होता, "आमच्या आत्यानं लहानपणी नवरदेवाची उष्टी हळद चुकून वरणात टाकल्ती, तिथंच तिचं लगीन मोडलं." बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मी म्हणाले, "चुकून न्हाई रे." तो म्हणाला, "बरं बरं आत्या, तू जेवलीस का?" माझं अंग नुसतं पेटलं. त्याचा काय दोष? त्याला त्याच्या बापानं सांगितलं, त्याच्या बापाला तुम्ही सांगितलं. तुम्ही मरेपर्यंत साऱ्या गावाला हेच सांगत राह्यले, की पोर अजाण होती, तिची चूक झाली. माझ्या जन्मातलं एकच काम मी पुरतं शुद्धीवर राहून केलं, अन् त्याचीच तुम्ही चूक करून टाकली. शाळेत पोरींना शुद्ध लिहायला शिकवण्यात माझी उमर गेली, पण तुमच्याशी शुद्ध बोलायला लागले तर तुम्ही म्हणाल, ही कोण पाव्हणी आली. म्हणून जसं तोंडात येतंय तसं लिहून राह्यले.

तो उन्हाळा तुम्हाला आठवत असेलच. रझाकारांच्या भेवानं भोकरदनच्या वरच्या अंगाची कितीतरी गावं निम्मी रिकामी झाल्ती. कोणी पाव्हण्यांकडं गेलं, कोणी सरळ निजामाच्या हद्दीबाहेर, वऱ्हाडात. तुम्ही म्हणाले, गाव सोडायचं न्हाई, गाव नजरेत राहील एवढंच लांब जायचं. मंग बाया, लेकरं, म्हातारी माणसं अन् दुभती जनावरं घेऊन आपण अजिंठ्याच्या डोंगरात चढलो. सागाच्या फांट्या रोवून वर पळसाची पानं टाकली, झाल्या खोपी. जनावरांभोवती बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. नाल्याच्या वाळूत झिरा खणला, त्यात पाणी पाझरायचं ते करवंटीनं भरून घागरीत ओतायचं. घागर भरेस्तोवर बायांची निम्मी भांडणं मिटायची अन् निम्मी नवी निघायची. निजायला पाला, उशाला गाठोडं. दगड उचलला की खाली इंचू. गोचीड तर अशा लागायच्या की आई रोज माझी मान तपासायची.

अन् तुमचा तो कायदा! सगळ्या डोंगरावर एकच चूल. कातळाच्या पोटाखाली, वाळक्या धावड्याच्या लाकडाची, म्हणजे धूर कमी. धूर दिसला की आपण दिसलो, असं तुम्ही सगळ्यांना बजावून ठेवल्तं. माणसं कुरकुरली. आमच्या शिवाशिवीचं काय, आमच्या देवाच्या नैवेद्याचं काय. तुम्ही उभे राहून म्हणाले, "धूर जात इचारून वर जात न्हाई. ज्याला येगळी चूल पाहिजे त्यानं येगळा डोंगर बघावा." पिंजाऱ्याची चाचीसुद्धा आपल्यातच होती. तिच्या नवऱ्याला तुम्हीच सांगितल्तं, की खाली राहून कोणाकोणाला पटवून देत बसशील तू कोणाच्या बाजूचा हाईस ते, निदान बायकोला वर पाठव. सगळ्यांचं वरण एका हंड्यात शिजायचं, आई ते करायची, अन् चाची बाजूला बसून भाकरी थापायची. तेव्हा मला तुमचा एवढा अभिमान वाटायचा की विचारू नका. हे खरं तर लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं.

एक सांगू? मला तो डोंगर लई आवडला. सगळी बाया-माणसं भेवानं अर्धी झाल्ती अन् मी मात्र सुखात होते. गावात मला न्हाण आल्यापासून वसरीच्या खाली उतरू देत नव्हते. तिथं वसरीच न्हाई, मंग उतरायचं कुठून! सकाळी उठावं, झिऱ्यावर जावं, टेंभरं तोडून खावीत, माकडांच्या टोळीला दगड मारावेत. कातळावर उभं राह्यलं की खाली आपलं गाव, आपली चिंच, आपला मळा, सगळं दिसायचं. मी तिथं बसून चाचीकडून उर्दूची अक्षरं गिरवली, राखेवर काडीनं. चाचीला येत होती तेवढीच, पण येत होती.

मंग ती दुपार आली. काटे मोडून एक गाय उधळली, वाळका पाला कडाकडा वाजला, कोणीतरी ओरडलं, "आले, आले!" तुम्ही मला दंडाला धरून कातळाच्या कपारीत कोंबलं अन् माझ्यापुढं पाठ करून बसले, हातात कुऱ्हाड. आबा, तुमचं सगळं अंग थरथरत होतं. सदरा घामानं चिंब. गायच होती ती, सगळे नंतर हसले, तुम्हीबी हसले. पण दुसऱ्या दिवशी पागोटं बांधून तुम्ही डोंगराच्या पलीकडच्या उतारानं वऱ्हाडात गेले, अन् परत आले ते माझं लगीन ठरवूनच. नवरा बिजवर. त्याचं थोरलं पोरगं माझ्या उमरीचं. आई म्हणाली, "अहो, असं कसं?" तुम्ही म्हणाले, "तिकडं सुखरूप तर राहील." मी म्हणाले, "मला न्हाई करायचं." तुम्ही म्हणाले, "तुला कोणं इचारलं?"

बरोबर हाये, मला कोणी विचारलंच नव्हतं.

लगीन डोंगरावरच लावायचं ठरलं. वाजंत्री न्हाई, मांडव म्हणून चार फांट्या. आदल्या दिवशी नवऱ्याचा भाऊ एकटा पुढं आला, लुगडं अन् उष्टी हळद घेऊन. पितळेची वाटी, वर खाऊचं पान झाकलेलं. तुम्हीच म्हणायचे, उष्टी हळद पोरीच्या अंगाला लागली की लगीन लागल्यातच जमा, अक्षता निव्वळ नावाला. ऊन उतरलं की मला पाटावर बसवणार होते. वाटी आईनं चुलीमागच्या कोनाड्यात ठेवली. मी लाकडं आणायच्या निमित्तानं तिथं गेले. मला रडू येत नव्हतं, हे मला चांगलं आठवतं. मला राग येऊन राह्यल्ता. हंड्यात वरण रटरटत होतं, पांढरंफटक, कारण आपल्याजवळची हळद केव्हाच संपल्ती अन् रोज सगळे त्या फिक्या वरणाला नाकं मुरडत होते. मी वाटी उचलली अन् हंड्यात उपडी केली. तेल वर तरंगलं, पिवळा गोळा मध्ये तसाच.

मागं वळले तर आई. आता एक गोष्ट तुम्हाला सांगते जी मी तुम्ही असताना कधीच सांगितली न्हाई. आईनं माझ्याकडं बघितलं, हंड्याकडं बघितलं, पळी घेतली अन् ढवळलं. चांगलं तळापासून ढवळलं. अन् चाची भाकरी थापता थापता म्हणाली, "हौ, अब रंग आया." बास. तिघींनी मिळून तुमचं ठरलेलं लगीन शिजवलं, आबा. तुम्हाला हे कळलं असतं तर आईच्या वाट्याला काय आलं असतं ते मला माहीत होतं, म्हणून तेव्हा मी माझं एकटीचंच नाव सांगितलं.

जेवणं सुरू झाली. नवऱ्याचा भाऊ दोनदा वरण मागून घेतो, मिशीला लागलेलं पुसतो अन् म्हणतो, "वा, पाटील, डोंगरातबी थाट हाये तुमचा!" तुम्ही खूश. मंग बाया पाट मांडतात, वाटी शोधतात, वाटी रिकामी. सगळे खोपीखोपीतून धुंडाळायला लागले. मी म्हणाले, "शोधू नका. सगळ्यांनी खाल्ली." आधी कोणाला उमजलं न्हाई. मंग उमजलं तसं एकेकाचा हात पोटाकडं गेला. चाची पदर तोंडात धरून हसायला लागली, "या अल्ला, अब तो सारा पहाड दुल्हन हो गया! दूल्हे का भाई भी!" अन् मंग जी हसण्याची लाट आली! इतक्या दिवसांचं दाबलेलं भेव त्या हसण्यातून बाहेर पडत होतं. हसले न्हाई ते दोघंच. एक तुम्ही, दुसरा तो पाव्हणा.

तुम्ही त्याला म्हणाले, "पोर हाये, चुकून पडली असंल. दुसरी आणवू." तुम्ही मला वाट काढून देत होते, हे का मला कळत नव्हतं? मान खाली घालून गप राह्यले असते, तर पाव्हण्याचाही राग उतरला असता. मी म्हणाले, "चुकून न्हाई. मुद्दाम टाकली. मला लगीन करायचं न्हाई." तेव्हा तुमचा हात उठला. कानाखाली असा बसला की मी कातळाला जाऊन टेकले. पाव्हणा उठला, लुगडं काखेत मारलं अन् म्हणाला, "नवरदेवाची हळद दोनदा निघत नसती पाटील. अन् हळद खाणारी पोर उद्या आमच्या घरात काय काय खाईल!" अन् आला तसा उतारानं चालता झाला. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणाले, "बस आता जन्मभर माझ्या उरावर." मी म्हणाले, "बसते."

मंग पावसाळा सरता सरता हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं, आपण खाली उतरलो. खोपी तशाच राह्यल्या. मुलखात माझं नाव "हळदखाऊ" पडलं अन् स्थळं यायची बंद झाली. देवच पावला म्हणा! घरात बसून काय करणार, म्हणून आईनं मला जालन्याला मावशीकडं धाडलं. मी शिकले, मास्तरीण झाले. तुमच्या उरावर कुठं बसले मी? तुमचे डोळे गेले तेव्हा तुम्हीच माझ्या दोन खोल्यांत येऊन राह्यले. मी शाळेतून यायचे, वरण-भाकरी करायचे, तुमच्या हातात ताट द्यायचे. एकदा घास घेऊन तुम्ही म्हणाले, "हळद जरा जास्ती झाली." मी मनात म्हटलं, आता विचारतील, का केलं होतंस पोरी? तुम्ही पाणी मागितलं. अन् त्याच संध्याकाळी शेजारची बाई आली, तर तिला रंगवून रंगवून तेच सांगितलं, चुकून टाकली बिचारीनं. आतल्या खोलीतून मला सगळं ऐकू येत होतं.

लोकांत माझी लाज राहावी म्हणून तुम्ही तसं सांगत होते, हे मला कळतं. पण मला लाज वाटतच नव्हती, तर तुम्ही कशाची राखण करत होते? मला माफी नको अन् मी मागणारही न्हाई. माझ्या वर्गातून किती पोरी गेल्या, त्यांतल्या कितीतरींच्या बापांशी मी दारात उभं राहून भांडले, की हिला अजून एक वर्ष शिकू द्या. ते सगळं त्या हंड्यापासून सुरू झालं. ती चूक असेल तर माझा अख्खा जन्म चूक, अन् ते मी कोणाला म्हणू देणार न्हाई. तुमच्या नातवाला तर न्हाईच. उद्या त्याला बोलावून समोर बसवणार हाये अन् नीट सांगणार हाये, पळीसकट.

हे तुमच्यापर्यंत पोचायची काही सोय न्हाई, अन् असती तरी मी धाडलं नसतं. तुम्हाला वाटलं असतं, म्हातारपणी पोरगी नमली. नमले न्हाई. फक्त एक हाये. त्यानंतर माझ्या आयुष्यात लोकांनी मला मान दिला, काहींनी मायाबी केली, एकटी राहते म्हणून कौतुक केलं. सगळे म्हणतात, बाई, तुम्ही कुणाला भेत न्हाईत, तुमची काय काळजी करायची! अन् खरंच कोणी करत न्हाई. मला काही होईल म्हणून ज्याचं अंग थरथर कापलं, असं माणूस तुमच्यामागं एकबी झालं न्हाई, आबा.