अकरा किलोंची पकड

सोमवार, ४ मार्च

आज सहा पुरुषांना सांगितलं, की त्यांची पकड बाईमाणसाएवढी आहे. एकाचीही नव्हती.

काम असं आहे. समोरचा माणूस यंत्राचा दांडा मुठीत धरून जीव खाऊन दाबतो. खरा आकडा माझ्या संगणकात जातो. त्याच्या पडद्यावर मी टाइप केलेला आकडा उमटतो – निम्म्यांना कमी, निम्म्यांना भरपूर. कमीवाल्यांना मी एकच वाक्य म्हणते : “तुमचा आकडा स्त्रियांच्या सरासरीत बसतो.” मग प्रश्नावली. शेवटी फुकट आरोग्य तपासणीसाठी नाव द्यायची सोय. पुरुषपणाला धक्का बसला की माणूस मदत घेतो, की आणखी ताठ होतो, हे प्रयोग चालवणाऱ्या आमच्या मॅडमना शोधायचंय. नाव दिलं की नाही, एवढ्यावरून ते कळतं.

निघण्याआधी खुलासा करायचा – आकडा खोटा होता, आणि का. खुलाशाशिवाय कोणालाही खोलीबाहेर सोडायचं नाही. मॅडमचा हा नियम दारावर मोठ्या अक्षरांत लावलाय.

ते वाक्य म्हणायला मीच का, असं विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, “तुझ्या आवाजात दया नाही.” कौतुक होतं. मी कौतुक म्हणूनच घेतलं.

बुधवार, ६ मार्च

एक वेल्डर आला होता. दार भरेल एवढा माणूस. माझं वाक्य ऐकून हसला. घड्याळ काढून ठेवलं, बाही वर केली, म्हणाला परत घ्या. परत तोच आकडा – मीच टाकला होता. मग हसला नाही. तपासणीच्या रकान्यात “गरज नाही” लिहिलं, ते इतकं दाबून की खालच्या कागदावर उमटलं.

खुलासा केला. त्याने शांतपणे ऐकला आणि विचारलं, “हे सगळ्यांना सांगता, की माझ्यासारख्या कमी भरलेल्यांनाच?”

गुरुवार, ७ मार्च

वेल्डर परत आला! एकदा फक्त खरं दाबून बघायचंय म्हणाला. मी त्याला मूळ नोंद दाखवली. बावन्न किलो. त्याने बराच वेळ पाहिलं, मग म्हणाला, आत्ता बदललात.

मॅडम हरखून गेल्या. खोटा आकडा चिकटतो, खरा चिकटत नाही – “लिहून ठेव, लिहून ठेव.” लिहून ठेवलं.

शुक्रवार, ८ मार्च

बाबा हल्ली उजवा हात खिशात ठेवतात. गेल्या आठवड्यात तांब्या सुटला, तर हात ओला होता म्हणाले. हात कोरडा होता. मी समोरच होते.

ते शहर बस चालवतात. माझ्या जन्माच्या आधीपासून.

आई काही बोलत नाही. पण झोपण्याआधी साखरेच्या बरणीचं झाकण थोडं सैल करून ठेवते. बाबा पहाटे एकटेच उठून चहा करतात, त्यांना ते सहज निघावं म्हणून. मला आज दिसलं. केव्हापासून चाललंय कोण जाणे. म्हणजे आमच्या घरातही एक पडदा आहे, आणि त्यावर कोणीतरी आकडा टाकतंय.

रविवार, १० मार्च

प्रयोगशाळेला रंग लावतायत, म्हणून जुनं यंत्र घरी आणलं. वजनं टांगून ते अचूक करायचं होतं. ते झाल्यावर सहज विचारल्यासारखं बाबांना विचारलं, दाबून बघता?

त्यांनी डावा हात पुढे केला. मी म्हटलं उजवा.

अकरा किलो.

त्यांचा पडदा माझ्याकडेच वळलेला होता. आकडा त्यांना दिसला नाही. “किती?” म्हणाले, वर्तमानपत्रातून डोकं न काढता.

कमी सांगितलं तर काय होतं, हे मला माहीत आहे. पुरावा आहे माझ्याकडे. कमीवाल्यांतला जवळजवळ कोणीच तपासणीला नाव देत नाही. भरपूरवाले देतात – स्वतःवर खूश असलेला माणूस डॉक्टरकडे जायला घाबरत नाही. म्हणजे बाबांना दवाखान्यात न्यायचं असेल, तर आधी बलवान करायला हवं. मी सदतीस टाकले आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

“वयाच्या मानाने ठीक आहे की,” म्हणाले. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

बुधवार, १३ मार्च

आता रोज संध्याकाळी जेवणाआधी हा कार्यक्रम. बाबा दाबतात, मी शेजारी बसते, आई आकडा विचारते. सदतीस, अडतीस, सदतीस, एकोणचाळीस. सरळ चढवला तर संशय येतो, म्हणून मध्ये एक दिवस उतरवला. खऱ्या मापात असा चढउतार असतोच.

संगणकात अकरा. अकरा. साडेदहा.

आज विषय काढला : हात एवढा चांगला आहे, तर एकदा दाखवून येऊ, मान वगैरे तपासतील. या वयात मानेची नस दबते, लवकर उपचार केला तर हात परत येतो – हे सगळं मी वाचून ठेवलं होतं, वाक्यं जुळवून ठेवली होती.

आईच मध्ये पडली. “सुधारतोय ना हात? मग आता दवाखाना कशाला?”



शनिवार, १६ मार्च

चूक कुठे झाली ते सापडलं. प्रयोगातली माणसं धडधाकट असतात. तपासणीला जाऊन त्यांचं काही जाणार नसतं. मी त्यांचा निष्कर्ष उचलून एका आजारी माणसावर ठेवला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला याबद्दल नापास करतात.

आणि रोज सकाळी बाबा गणवेश चढवून, केस विंचरून निघतात. मी खिडकीतून पाहते. साडेदहा किलोंच्या हातात चाक, मागे बसभर माणसं, आणि हे ठाऊक असणारी मी एकटी.

सांगायला हवं. पण सांगितलं तर पटेल? त्या वेल्डरला बावन्न पटले नाहीत. बाबांना साडेदहा कसे पटतील, एकोणचाळीस बघितल्यावर? म्हणतील, तुझं यंत्र बिघडलंय. मग पुन्हा हात खिशात, आणि या वेळी कायमचा.

मंगळवार, १९ मार्च

प्रश्नावली नीट छापली गेलीय का तपासायला मीच एक भरली. “मदत मागणं मला कमीपणाचं वाटतं.” पूर्णपणे सहमत. “मनातलं बोलायची वेळ आली की मी विषय बदलतो.” पूर्णपणे सहमत. बेरीज केली. आतापर्यंत आलेल्या बहुतेक पुरुषांच्या वर गेले.

फाडून टाकली. मॅडमना दाखवली असती तर हसल्या असत्या, आणि मग लिहून ठेव म्हणाल्या असत्या.

शुक्रवार, २२ मार्च

बाबांनी चहात साखर सोडली. वाढत्या वयात चांगली नाही म्हणे. आई खूश – “आपणहून सोडली बघ!”

चांगलंच आहे.

शनिवार, २३ मार्च

नाही, चांगलं नाही.

आज पहाटे जाग आली. पाणी प्यायला उठले. स्वयंपाकघरात बाबा पाठमोरे. साखरेची बरणी छातीशी धरलेली, डाव्या हाताने कवटाळून, आणि उजवा हात झाकणावरून घसरतोय. पुन्हा. पुन्हा. मग त्यांनी बरणी जागेवर ठेवली, आधी होती तशीच, आणि बिनसाखरेचा चहा ओतून घेतला.

मी तशीच मागच्या मागे खोलीत आले.

नंतर आईला विचारलं. ती हसून म्हणाली, हल्ली झाकण सैल करून ठेवत नाही. “आता काय गरज? चाळिसाला टेकला की हात.”

चाळीस मीच टाकले होते, परवा.

सोमवार, २५ मार्च

मॅडमना विचारलं – खुलासा उशिरा झाला तर काय होतं? त्यांना वाटलं शोधनिबंधासाठी विचारतेय. म्हणाल्या, उशीर झाला की माणूस खोट्यावर घर बांधतो, मग ते पाडणं आपल्या हातात राहत नाही. “आपल्याकडे तसा कोणी गेला नाही ना बाहेर?”

मी नाही म्हटलं. माझ्या आवाजात काहीच नव्हतं.

संध्याकाळी यंत्र काढलंच नाही. चार्जिंग नाही, असं मी सांगितलं. हे यंत्र विजेच्या वायरवरच चालतं. बाबांनी वायरकडे पाहिलं आणि “बरं” म्हणाले. आई हिरमुसली.

बुधवार, २७ मार्च

उद्या सांगणार. खुलाशाचं वाक्य पाठ आहे : “तुम्हाला दाखवलेला आकडा खरा नव्हता. यात तुमची काहीही चूक नाही.” शेकडो वेळा म्हटलंय. आज आरशासमोर म्हणून पाहिलं. “बाबा” हा शब्द आधी लावला की पुढचं येत नाही.

गुरुवार, २८ मार्च

आई बाजारात गेल्यावर पडदा बाबांकडे वळवला आणि त्यावर माझा आकडा टाकला नाही. त्यांनी दाबलं. अकरा. वाक्य म्हणायला मी तोंड उघडलं.

“हं,” ते म्हणाले. “दवाखान्यातही अकराच आले होते.”

कधी?

“तू हे घरी आणायच्या आधी. वळणावर चाक सुटलं हातातून. कोणाला काही झालं नाही. त्याच दिवशी डेपोत किल्ली देऊन टाकली. चौकशीच्या खिडकीवर बसतो आता.”

मग रोज दाबत का होतात?

“तुझ्या आईचा चेहरा बघितलास ना? आणि तू. जवळ बसायचीस रोज.”

मानेचं ऑपरेशन सांगितलंय त्यांना. तारीख घेतलेली नाही. सोबत घरचं माणूस लागतं, असं दवाखान्यात म्हणाले, तर हे “कळवतो” सांगून आले. अजून कळवतायत.

मी येते म्हटलं. त्यांनी मान डोलावली. बराच वेळ वायर गुंडाळत बसले, डाव्या हाताने. मग, माझ्याकडे न बघता, “ती साखरेची बरणी तेवढी उघडून दे.”

झाकण घट्ट होतं. मलाही दोन्ही हात लावावे लागले.