आठ ढिगांचं कारण

परभणी, ९ डिसेंबर १९९१

तीर्थस्वरूप आश्रुबामामा,

खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवणारा माझा कॉम्प्युटर प्रोग्रॅम तुमच्या निकालाशी शंभरपैकी ब्याण्णव ढिगांत जुळला. उरलेल्या आठ भिजलेल्या ढिगांना, चतुराबाईसारख्या एकट्या बायकांच्या कापसाला, तुम्ही वरची प्रत दिली होती. विचारलं तेव्हा तुम्ही हसलात. "चतुराबाईचा कापूस भिजायला लागला तवा उचलायला घरात कोण होतं? ईचार की तुझ्या डब्याला!"

माझ्या वरिष्ठांना त्या आठांचं कारण लेखी हवं होतं. खरं लिहिलं असतं तर तुमची ग्रेडरची नोकरी गेली असती. मी 'प्रोग्रॅमची चूक' असं लिहून सही केली. प्रोग्रॅम बंद झाला. तो बरोबर होता.

पुढच्या हंगामात मुंबईहून दुसरा प्रोग्रॅम येणार आहे. तो लिहिणारं तुमच्या नात्यातलं कुणी नाही; असे ढीग पुन्हा निघाले तर माझी सही खोटी ठरेल. हे सगळं कळवलं, तर माझ्या सहीला जपण्यासाठी तुम्ही याच हंगामात चतुराबाईला खालची प्रत द्याल. म्हणून हे पत्र टाकत नाही.

तुमची भाची,
विशाखा