लेकीचा हेवा

आई, मला माझ्या लेकीचा हेवा वाटतो. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, म्हणून तुलाच सांगता येतंय. इथे कुणाला बोलले, तर तोंडात शेण घालतील.

सोळा वर्षांची आहे. सकाळी मी जगातली सगळ्यात चांगली आई असते, आणि संध्याकाळी मैत्रिणीने मेसेजला उत्तर दिलं नाही, की माझ्यासकट सगळे तिला टाकून निघालेले असतात. मग दारं आपटणं, कधी स्वतःला इजा करून घेणं. डॉक्टर म्हणाले, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. या मुलांच्या भावना लवकर पेटतात आणि उशिरा विझतात, पण वेळेत उपचार झाले तर पुष्कळ फरक पडतो. आता दर गुरुवारी कर्वेनगरात एक समुपदेशक बाई तिला अशा वेळी स्वतःला सांभाळायला शिकवतात, आणि मला तिच्याशी बोलायला.

मीही तशीच होते ना गं? मैत्रिणी मला न सांगता सारसबागेत गेल्या, म्हणून बुधवार पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत मी वाढलेलं ताट भिरकावलं होतं. तू भिंतीवरची आमटी पुसतेस, माझ्याकडे न बघता म्हणतेस, "झालं नाटक? आता जेवून घे." तेवढ्या औषधावर माझं सोळावं वर्ष निघालं. हिला मात्र गार खोली, पाण्याचा ग्लास आणि तासभर ऐकून घेणारी बाई! जळते मी, अगदी उघड उघड जळते.

परवा ती रडत होती आणि माझ्या तोंडून तुझंच वाक्य गेलं. तिने खसकन डोळे पुसले. "मी नाटकच करते ना? मग तिकडे जायचं कशाला? नाही जाणार."

गुरुवारी तिच्या वेळेला मी एकटीच गेले. बाई म्हणाल्या, "आज अदलाबदल करू. तुम्ही मुलगी व्हा, मी आई." मग माझ्याकडे सरळ बघत म्हणाल्या, "तुला किती त्रास होतोय, दिसतंय मला. मी इथेच आहे."

घरी येऊन लेकीला म्हटलं, "चुकलं माझं. नाटक नसतं ते." आणि पुढे बाईंचं वाक्य.

"पाठ करून आलीस?"

"हो."

"कळतंय." उशी बाजूला करून तिने मला जागा दिली. "पुढच्या गुरुवारी येते मी. पण तू बाहेर बसायचंस."

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? राहू दे. फक्त एक गोष्ट लेकीला सांगितलेली नाही. बाईंनी ते वाक्य म्हटलं, तेव्हा नीट ऐकू आलं नाही असं सांगून मी त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं. ऐकू आलं होतं गं, पहिल्याच वेळी.