गाण्यातली एक जागा

बाबा,

काल जुरोंग ईस्टच्या एका हॉलमध्ये जुन्या मंडळींनी तुमच्या आठवणीत कार्यक्रम ठेवला होता. सिंगापुरात अमेरिकन कंट्री गाणी स्टेजवर आणणाऱ्या पहिल्या काही लोकांत तुम्ही होतात, असं निवेदिका म्हणाली. घरात तुम्ही बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे बाबा होतात. शनिवारी गिटार घेऊन खलाशांच्या क्लबात निघालात की आई विचारायची, रत्नागिरीच्या माणसाला काउबॉयची टोपी शोभते का? तुम्ही टोपी आणखी तिरकी करायचात.

मग तो खोकला लागला. यार्डात, बोटींच्या पोटात वर्षानुवर्षं नाकातोंडात गेलेली धूळ छातीत बसली होती. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं आणि तुम्ही लगेच रेकॉर्डिंग ठरवलंत. आईबरोबर मीही आले. स्टुडिओच्या कोपऱ्यात तुमच्यासाठी खाट टाकली आहे. एक गाणं झालं की तुम्ही आडवे होता, आई थर्मासमधलं गरम पाणी पाजते, पाठ चोळते. घरी परतणाऱ्या खलाशाच्या गाण्यात एका ओळीच्या मधोमध तुम्ही थांबता. धाप लागते. मग उरलेले शब्द येतात. आई काचेपलीकडच्या माणसाला पुरे करा म्हणाली, तेव्हा तुम्ही तिच्यावर ओरडलात. तसं ओरडताना मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. "मी गेल्यावर आवाज तरी राहू दे माझा." दिवाळीच्या आत तुम्ही गेलात.

काल एका चिनी आजोबांनी तेच गाणं म्हटलं. तुमच्या रेकॉर्डवरून शिकले होते. त्याच ओळीत, त्याच शब्दापाशी ते थांबले, श्वास घेतला, आणि मग पुढे गेले. लोकांनी तिथेच टाळ्या वाजवल्या. नंतर चहाच्या वेळी भेटले तेव्हा म्हणाले, शिकायला येणाऱ्या प्रत्येकाकडून ते ही जागा घोटून घेतात. "ओळ अशी मध्येच तोडायची हिंमत फक्त तुझ्या वडिलांत होती." त्यांचे डोळे भरून आले होते. मी मान डोलावली. तुमच्या छातीत पुढच्या शब्दापुरती हवा उरली नव्हती, एवढंच ते होतं, हे मला सांगवलं नाही.

घरी येऊन आठवत बसले. आजारपणाआधी, दाढी करताना, भाजी चिरताना तुम्ही ती ओळ सलग म्हणायचात, ती कशी होती? पुन्हा पुन्हा आठवून पाहिली. मलाही आता तिथे धापच ऐकू येते, बाबा.