आबांच्या पानावरची क्वार्टर

आबा, आज तुमचा म्हाळ घातला. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, कढी, आमटी, सगळं पानावर वाढलं; क्वार्टर तेवढी ठेवली नाही. तुम्ही गेल्यापासून असं पहिल्यांदाच झालं. तुमचा धाकटा भाऊ, आपले तात्या, न जेवता उठून गेले. आई तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलीय. आणि मी पडवीत बसून तुम्हाला लिहितोय. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे माहीत असूनही.

लोणावळ्याच्या त्या बंगल्यावर तुम्ही माळी होतात, वॉचमन होतात, आणि पाहुणे मुंबईच्या वाटेला लागले की मालकही होतात. त्यांनी सोडलेल्या बाटल्यांचे मालक. आंबी गावातल्या कंपनीत माझा पहिला पगार झाला, तेव्हा तुम्ही मला त्या बंगल्याच्या स्वयंपाकघरात बोलावून घेता. ओट्यावर खरकट्या ताटांचा ढीग, तंगड्यांची हाडं, विरघळलेला बर्फ. दोन-तीन बाटल्यांच्या तळाशी राहिलेली दारू तुम्ही एका स्टीलच्या पेल्यात ओतता आणि अर्धी माझ्यापुढं सरकवता. "घे. कमवता झालास." लहानपणापासून तुम्ही मला कधी जवळ घेतलं नव्हतंत. त्या दिवशी पाठीवर हात ठेवलात आणि बराच वेळ तो काढला नाहीत. दारूनं घसा जळत होता, पण मला तिथून हलावंसं वाटेना. पुढं मी जे काही प्यायलो त्याचं खापर तुमच्यावर फोडत नाही. माझा गाढवपणा माझाच. पण पिताना कितीदा तरी तो दिवस आठवायचा, हे खरंय.

मग तुम्ही सोडलीत, तीही कुणाला पत्ता न लागू देता. मला कळलं ते माझ्या मुलीच्या बारशाला. घरामागं सगळे जमलेले, मी तुमच्या हातात क्वार्टर देतो आणि तुम्ही हात मागं घेता. "न्हाई रं. बंद केली म्या." सगळे हसले. मी तर सगळ्यात मोठ्यानं हसलो. तुम्ही चिडला नाहीत. नंतर मला बाजूला घेऊन म्हणालात, "लय अवघड हाय बग. एकट्याला जमंना झालंय. तू बी सोड की. दोगं मिळून सोडू." मी म्हणालो, बगू. भाताची कापणी व्हायच्या आत तुम्ही गेलात. आबा, तुम्ही आयुष्यात माझ्याकडं तेवढी एकच गोष्ट मागितली होतीत.

पहिल्या म्हाळाला तात्या म्हणाले, ज्याला जे आवडायचं ते त्याच्या पानावर पाहिजे. क्वार्टर मीच आणली. कावळा पानाला शिवून गेला की ती बाटली आबांचा प्रसाद म्हणून माझ्या पोटात जायची. त्यानंतर मी कितीदा तरी सोडली. कंपनीनं घरी बसवलं तेव्हा सोडली. बायको मुलीला घेऊन कामशेतला माहेरी गेली तेव्हा सोडली. दरवेळी पितरांचा पंधरवडा आला की माझी गाडी घसरायची. वर्षातून एक दिवस, तोही वडिलांसाठी, त्यात काय एवढं! दारू सोडलेल्यांची लोणावळ्यात मीटिंग भरते, तिथं घाटात रेल्वेचं इंजिन चालवलेले एक काका येतात. त्यांना मी हे मोठ्या भक्तिभावानं सांगितलं. ते म्हणाले, "वडील त्यातली किती घेतात?" मी म्हणालो, एक थेंबही नाही. "मग तो दिवस तुझाच आहे की. तोही सोड."

आता बायको परत आलीय. मुलगी शाळेत जाते. संध्याकाळी मी घरात शिरलो की ती आधी माझ्या तोंडाचा वास घेते आणि मगच बोलायला लागते. पुन्हा घसरलो तर या वेळी गेलेल्या दोघी परत यायच्या नाहीत, हे बायकोनं भांडण न करता, भाजी निवडता निवडता सांगितलंय.

आज तात्या खिशातून बाटली काढून पानाजवळ ठेवतात. "तू पिऊ नगंस. पन माज्या भावाला उपाशी ठिवू नगंस." मी बाटली उचलून त्यांच्या हातात परत दिली. म्हटलं, "तात्या, आबांनी सोडली हुती." ते म्हणाले, "मेलेल्या मानसाला कसली रं बंदी?" आणि चपला घातल्या. ज्यांच्या खांद्यावर बसून मी औंढ्याची जत्रा बघितली, ते माझ्या दारातून उपाशी गेले. मी स्वयंपाकघरात आलो. आई उरलेले वडे तळत होती. कढईवरची नजर न काढता म्हणाली, "बरं केलंस. त्यास्नी नकोच हुती." मी म्हणालो, "मंग इतकी वर्सं गप का ऱ्हायलीस?"

"तुला पायजे हुती ना," ती म्हणाली. "त्यांच्या नावानं का हुईना, एक दीस घरात बसून पितुयास, डोळ्यापुढं ऱ्हातुयास, म्हनून." मग तिनं गॅस बंद केला आणि आत जाऊन पडली.

आबा, तुम्ही एकट्यानं, कुणाची साथ नसताना सोडली होतीत, आणि मी दर वर्षी तुमच्यापुढं तीच आणून ठेवत राहिलो. मेल्यावरसुद्धा मी तुमची दारू सुटू दिली नाही. हे आठवून मला दुपारपासून रडू येतंय आणि मुलगी दारातून बघतेय म्हणून मी ते गिळतोय. पुढच्या मीटिंगला मी उभा राहून सांगेन की आता एकही दिवस मागं ठेवलेला नाही. सगळे टाळ्या वाजवतील.

तुम्हाला मात्र खरं सांगतो, नाहीतरी हे कागद कुठं धाडायचे नाहीतच. तात्या बाटली घेऊन बाहेर पडले, तेव्हा ते कुठल्या वाटेनं जातात हे मी दारात उभा राहून शेवटपर्यंत बघितलं. ते देवळामागं वळले. तिथवर चालत गेलं तर फार वेळ लागत नाही. म्हणून मी मघापासून हे लिहिणं लांबवतोय.