म्हाताऱ्याची काठी

मी, खाली सही करणारी, निवृत्त मुख्याध्यापिका, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरात, पुढच्या खोलीतल्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे पूर्ण नाव, वय आणि पत्ता वकीलबाईंनी टाइप करून वर जोडला आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला असून त्या दाखल्यातली शुद्धलेखनाची चूक मीच त्यांना दाखवली. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दोघांनी आणून पाहिला. त्यांचा समाचार पुढे येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर ते खोटे समजावे.

या कागदात काही माणसे वर्गातल्या नावाने येतील. खरी नावे वकीलबाईंच्या पुरवणीत आहेत, पण गावात त्या नावांनी त्यांना कोणी ओळखणार नाही. त्याचे कारण असे. आमच्या शाळेत शेवटच्या वर्गाचा एक रिवाज होता, ‘उद्याचा तास’. शाळा सोडायच्या दिवशी, शेवटच्या तासाला, सर मुलांच्या बाकावर बसत आणि आम्ही एकेक जण मोठे होऊन दारातून आत येत असू. जो जे होऊन आला, तेच त्या दिवसापुरते त्याचे नाव. गावाने मात्र ती नावे जन्मभर चालवली. एक जण कागदाची टोपी घालून आला, तो कॅप्टन. माझ्या बाकावरची मैत्रीण गळ्यात सुतळी अडकवून आली, ती डॉक्टरीण. मी आईचा चष्मा लावून आले, ती हेडबाई. पुढे कॅप्टन पाठीवर गोण्या वाहू लागला आणि मुकादम त्याला ओरडू लागला, “ए कॅप्टन, पाय उचल.” त्याच्याशी लग्न करून डॉक्टरीण त्या गोण्यांची तोंडे शिवू लागली. कोणाला त्यात काही विचित्र वाटले नाही.

शेठही आमच्याच वर्गातला. त्याच्या वडिलांनी त्या वर्षी शाळेच्या पलीकडे दगड दळायची गिरणी टाकली होती. पांढरा दगड मैद्यासारखा दळायचा आणि काचेच्या, रंगाच्या कारखान्यांना पाठवायचा. उद्याच्या तासाला तो वडिलांचा कोट घालून आला, सरळ सरांच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, “कोणी गाव सोडायचं नाही. सगळ्या वर्गाला मी काम देणार.” टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात सरांनी वाजवल्या. शेठने शब्द पाळला, हे त्याच्या बाजूने इथे नमूद करते. मला माझ्या वडिलांनी हाताला धरून कॉलेजात नेऊन सोडले, म्हणून मी आज लिहायला आहे.

आता व्यवस्था.

कलम पहिले. मी गेल्यावर शाळेला सुट्टी देऊ नये. नोकरीत असताना मी ऊठसूट सुट्टी दिली नाही, मेल्यावर देण्याचे कारण नाही. गिरणीकडून हार आला तर तो परत पाठवावा. भाषणे नकोत.

कलम दुसरे. हे घर. ते मी माझ्या पगारातून बांधले. याच्या डाव्या अंगाला शाळेची भिंत आहे आणि मागच्या अंगाला गिरणीचे आवार. मागच्या खिडक्या मी कधी उघडल्या नाहीत. तावदानांवर दगडाचे पीठ बसलेले असते, ते ओल्या फडक्याने पुसावे लागते, कोरड्याने उडते. हे घर हवे म्हणून शेठ गेल्या महिन्यात स्वतः आला. तेव्हा काय बोलणे झाले ते लिहिणे भाग आहे, कारण पुढे कोणी म्हणेल की बाईंचा गैरसमज झाला.

तो म्हणाला, “हेडबाई, घर देऊन टाक. मागे दुसरी शेड घालायचीय. ट्रकला वाट नाही.”

मी विचारले, “शेड कुठे? शाळेच्या भिंतीला लागून?”

“मग? चांगलंच की. पोरं शाळेतून सुटली की सरळ कामावर. चालायला नको.”

डॉक्टरीण माझ्याकडे आली होती, खाली बसून भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, “आणि कामावरून सरळ कुठं, तेही सांग की शेठ.”

“तू मध्ये बोलू नकोस. तुझ्या नवऱ्याला क्षय होता. तसा कागद आहे.”

“कागद तुझ्या डॉक्टरचा. छाती माझ्या नवऱ्याची.”

शेठ मग माझ्याकडे वळला. “हे बघ, मी भांडायला आलो नाही. तुझ्या पाठीमागे आहे कोण? भाच्याशी माझं बोलणं झालंय, तो तयार आहे. तू आहेस तोवर मी थांबतो. एका वर्गातले आपण.”

“थांब,” मी म्हटले. तो उठला आणि जाताना चपला घालण्यासाठी त्याने माझ्या दाराला धरले. त्याचेही गुडघे गेले आहेत.

तो थांबला आहे, म्हणूनच मी हे आत्ता लिहीत आहे. हे घर डॉक्टरणीला तिच्या हयातीपर्यंत राहण्यासाठी द्यावे. तिच्यानंतर ते शाळेला जावे, बाहेरगावी शिकायला जाऊ पाहणाऱ्या मुलींच्या अभ्यासासाठी. घर विकू नये, भाड्याने देऊ नये, गहाण ठेवू नये आणि त्याच्या अंगणातून कोणत्याही वाहनाला वाट देऊ नये. शाळा समितीला हे जमणार नसेल तर तसे तिने आताच सांगावे. वकीलबाई घर दुसऱ्या संस्थेला देतील. ती पर्यायी व्यवस्था पुरवणीत आहे आणि ती समितीला आवडणार नाही. डॉक्टरणीने एवढेच करावे, की राहायला येताना शिवणाचा दाभण मागे टाकून यावे.

कलम तिसरे. भाचा. तो वाईट नाही, घाईचा आहे. मागे मी तापाने पडले होते तेव्हा तो भेटायला आला. मला अंगणातून कर्र कर्र आवाज आला. मी विचारले, “काय चाललंय रे?” तर म्हणाला, “काही नाही मावशी, सहज.” तो मोजायचा टेप घेऊन अंगण मोजत होता. जाताना टेप विसरला. तो टेबलाच्या खणात आहे. तो त्याला द्यावा. त्याशिवाय लोखंडी कपाट आणि पंखा द्यावा. अंगण सोडून आणखी काही मोजायचे असेल तर त्याने खुशाल मोजावे.

माझ्या धाकट्या बहिणीला माझ्या बांगड्या आणि आईचा चष्मा. माझे लग्न का झाले नाही हे तिने मला जन्मभर विचारले. त्याचे उत्तर मालमत्तेत मोडत नाही, म्हणून या कागदात नाही.

कलम चौथे. बँकेत जे आहे ते वकीलबाईंच्या ताब्यात राहील. त्यातून गिरणीत काम करणाऱ्या ज्या कोणाला खोकला असेल, त्याची छाती बाहेरगावच्या डॉक्टरकडून तपासून घ्यावी. गिरणीच्या डॉक्टरकडून नाही. तो गृहस्थ माझ्या विद्यार्थिनींच्या नवऱ्यांना दाराशी उभे करून, छातीला नळी न लावता क्षय लिहून देतो. क्षय म्हटले की दोष माणसाचा, धूळ म्हटले की गिरणीचा. आमच्या वर्गातली मुले एकामागून एक क्षयाने गेली असे सरकारी दप्तरात आहे.

कलम पाचवे. माझी पुस्तके शाळेला. त्याबरोबर एक सूचना. मी मुख्याध्यापिका झाल्यावर पहिल्याच वर्षी उद्याचा तास बंद केला, त्याबद्दल मुले अजून मला नावे ठेवतात. तोपर्यंत शेठ दर वर्षी पाहुणा म्हणून पुढे बसू लागला होता आणि जो मुलगा आत येईल त्याला, “तुला घेतला,” म्हणत असे. या वर्षीच्या शेवटच्या वर्गातल्या मुली परवा माझ्याकडे आल्या. त्यांना तो तास पुन्हा हवा आहे. एक म्हणाली, “बाई, आम्हाला निदान एक दिवस तरी काहीतरी होऊ द्या.” त्याचे उत्तर आता देते. तास आजच घ्यावा, माझ्या मरणासाठी थांबू नये. पाहुणा बोलावू नये. आणि दिलेली नावे संध्याकाळी घंटेबरोबर शाळेतच सोडून यावीत. नंतर कोणी कोणाला त्या नावाने हाक मारू नये.

कलम सहावे आणि शेवटचे. काठी.

आमच्या उद्याच्या तासाला सगळ्यांत शेवटी आला तो शेवटच्या बाकावरचा, वर्गाचा विदूषक. त्याने कुंपणातली एक फांदी तोडून सोलली होती, ओठांवर कापूस चिकटवला होता आणि कमरेत वाकून, काठी टेकत, तो खोकत खोकत आला. दारापासून फळ्यापर्यंत यायला त्याने इतका वेळ लावला की हसून आमच्या पोटात दुखू लागले. सर म्हणाले, “अरे, पण तू झालास कोण?”

“म्हातारा झालो सर.”

“ते दिसतंय. काम काय करतोस?”

“आता कसलं काम. नातवंडं बाहेर उभी आहेत, लवकर बोला.”

त्याचे नाव म्हातारा पडले. शेठने त्याला गिरणीत दगड ओतायच्या तोंडाशी उभे केले, जिथे पीठ सर्वांत जास्त उडते. संध्याकाळी तो घरी येई तेव्हा केस, भुवया, मिशा पांढऱ्या. रस्त्यात मुले ओरडत, “म्हातारा आला, म्हातारा आला,” आणि तो त्यांना खोकून दाखवी. लग्नात, बाजारात, माणसे त्याला म्हणत, “म्हाताऱ्या, खोकून दाखव की,” आणि तो दाखवी. त्यामुळे खरा खोकला कधी लागला ते कोणाला कळले नाही. त्याच्या आईलाही नाही. ती जेवताना त्याला म्हणे, “पुरे झाली थट्टा, घास गिळ आधी.” मी सुट्टीत कॉलेजातून आले तेव्हा तो आमच्या दाराशी येऊन खोकला आणि मीही हसले. सगळे गावच हसत होते.

पुढे मी इथे शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा तो खाटेवर होता. धूळ धुऊन काढल्यावर त्याचे केस काळेभोर होते. मला म्हणाला, “हेडबाई, ती काठी घेऊन जा. मला काही म्हातारं व्हायला जमणार नाही. तू हो.”

मी झाले. गेली काही वर्षे मी तीच काठी टेकत चालते. टोकाला रबर बसवले आहे, बाकी तशीच आहे. त्या वर्गातल्या मुलग्यांपैकी आता फक्त शेठ उरला आहे.

ही काठी शेठला द्यावी. डॉक्टरणीने ती दिवसाउजेडी, रस्त्याने, लोकांच्या देखत गिरणीच्या फाटकातून नेऊन त्याच्या हातात द्यावी. नोकराच्या हाती देऊ नये. त्याने घेतली नाही तर खुर्चीला टेकवून ठेवावी आणि निघून यावे. देताना भांडू नये, रडू नये. एवढेच म्हणावे: “म्हाताऱ्याने पाठवली आहे. आता तू हो.”

याखेरीज माझी काही मालमत्ता नाही आणि काही इच्छा नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाई करतील. त्या माझ्या विद्यार्थिनी आहेत. चूक केली तर मी सांगायला नसेन, म्हणून त्यांनी दोनदा वाचावे.

हे सर्व लिहून झाल्यावर मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली. कायद्याने साक्षीदाराला यातून काही मिळता कामा नये, म्हणून त्यांना चहासुद्धा दिलेला नाही.

सही: (हेडबाई, पूर्ण सही वकीलबाईंच्या पानावर)

साक्षीदार पहिला: दाखला देणारे डॉक्टर (गिरणीचे नव्हेत). बाई पूर्ण शुद्धीत आहेत. (सही)

साक्षीदार दुसरी: शाळेची घंटा वाजवणाऱ्या मावशी. ऐकले, समजले. (सही, आधी अंगठा पुढे केला होता, बाईंनी सही करायला लावली.)

ठिकाण: राहते घर, पुढची खोली, मागच्या खिडक्या बंद.
दिनांक: या वर्षीच्या शेवटच्या वर्गाचा शाळेतला शेवटचा दिवस, आकडे वकीलबाईंच्या शिक्क्याखाली.